सुनंदाच्या मापाचा ओटा

३ फेब्रु.
बाळू मिस्त्री आला एकदाचा. उद्या उद्या करत जानेवारी खाल्ला. स्वयंपाकघर पाहिलं, गॅसखालची फळी हलवून बघितली, चहा घेतला, दुसरा मागितला. हेदवीचं काम अर्धं टाकून येतो म्हणाला. म्हणजे माझंही अर्धं टाकून कुणाकडे तरी जाणार. पण हात चांगला आहे. शिमग्याची पालखी घरी यायच्या आत करून देतो म्हणतो.
सुनंदा मेअखेर रिटायर. वॉर्डात उभं राहून राहून गुडघे गेलेत तिचे, खाली बसून भाकऱ्या थापणं आता होणार नाही. ओटा हवाच.

६ फेब्रु.
फळी निघाली. गॅस पडवीत. मिस्त्री म्हणे, "व्हैनींना हुबं करा हितं. कोपराच्या खाली चार बोटं, तितका ओटा."
ती मुंबईला, सांगितलं. उंचीला माझ्या हनुवटीपर्यंत येते, एवढंच ठाऊक.
"हनुवटीचं माप टोपीला चालंल वो भाऊ. ओट्याला कोपर लागतो." मग शेजारच्या शेवंताकाकींना उभं करू का, विचारतो! घालवलंच त्याला.
लोकांकडे बाई गावाला नि बाप्या मुंबईत. आमचं पहिल्यापासून उलटं. तिची हॉस्पिटलची नोकरी, माझी आंब्याची कलमं. गणपतीला येते, मे महिन्यात येते, तेव्हा बघतच असतो की तिच्याकडे. पण कोपर कुठवर येतो ते कोण बघतं.

७ फेब्रु.
फोन केला. सु. ड्युटीवर. "नंतर करते." नाही केला.

९ फेब्रु.
आज लागला. म्हटलं, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लाव आणि सांग. हसली. "ओटा बांधताय की ब्लाउज शिवताय?" फार बरं वाटलं. माप मात्र राहिलंच. मागे चिमी रडत होती, आमच्या नितीनची मुलगी. ठेवते म्हणाली.

१३ फेब्रु.
नितीनचा फोन. "बाबा, आईला रिटायर झाल्यावर इथंच राहू दे ना थोडे दिवस. चिमीला पाळणाघरात टाकायचं जिवावर येतं."
थोडे दिवस म्हणजे? तर म्हणे, शाळेत जाईपर्यंत.
आई काय म्हणते? "आई काहीच बोलत नाही."
त्याचं तरी काय चुकलं. दोघं नोकरीला जातात. पण मग मी...

१४ फेब्रु.
मिस्त्री नाही. हेदवी.

१८ फेब्रु.
चिरे आले, वाळू आली, मिस्त्रीही आला. माप नाही म्हणून सगळं खोळंबलेलं. त्याच्यासमोरच सु.ला फोन लावला, स्पीकरवर. शिमग्याला रजा नाही म्हणाली. मग म्हणाली, "अहो, रोजचं जेवण तुम्हीच करता ना? तुमच्या मापाचा बांधा. उगाच वाकून कंबर धरेल."
मिस्त्री खिडकीबाहेर बघायला लागला. मी रेंज जाते म्हटलं आणि ठेवला.
येणार नाही असं काही ती म्हणाली नाही. पण ओटा माझ्या मापाचा, म्हणजे उरलं काय?
आमटीत मीठ विसरलो. तशीच जेवलो.

१९ फेब्रु.
राग होता तो गेला. आता नुसती आठवण. मे महिन्यात आली की पहिल्या दिवशी सगळे डबे उघडून नाक लावते. "हे काय ठेवलंय? हे कधीचं?" ती कटकट हवी आहे मला. रोज हवी आहे. दुसरं काही मागत नाही.

२१ फेब्रु.
मिस्त्रीला सांगितलं, ओटा तिच्याच मापाचा. ट्रंकेतून तिचं जुनं स्वेटर काढलं. कोपराला लोकर झिजलेली. मिस्त्री खूश. "ह्यो बगा कोपर!" मी भिंतीला टेकून उभा, हनुवटीची खूण केली, तिथं तिचं डोकं धरलं, मग अंदाजाने खांदा, आणि तिथून स्वेटर सोडलं. दोघं ते भिंतीला दाबून धरतोय तोच शेवंताकाकी दारात. "काय वो, भितीला थंडी वाजतेय काय?"
हसून हसून पेन्सिल पडली मिस्त्रीच्या हातातली.

२७ फेब्रु.
मिस्त्री पुन्हा गायब. फोन बंद. जीभ विटाळत नाही.

६ मार्च
ओटा झाला. वर काळा कडाप्पा. सुरेख. मला चांगलंच वाकावं लागतं. भात आणि कुळथाचं पिठलं केलं, तेवढ्यात कंबर बोलायला लागली. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, सवय हुईल."
सवयच नको आहे मला.

८ मार्च
संध्याकाळी तिचाच फोन.
"झाला का ओटा? किती उंच?"
"तुझ्याएवढा."
मला वाटलं, खरंच रेंज गेली. मग "वेडे आहात," म्हणाली.
मेचं मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. चिमीला दात येतायत, एवढं सांगितलं. ठेवता ठेवता एकदम, "भांड्यांची मांडणी कुठं ठोकलीत?"
"अजून नाही. उद्या येतोय मिस्त्री."
"नका ठोकू. माझा हात पुरायला पाहिजे."
मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवलं. भांडी सगळी खाली, जमिनीवर. असू देत.