चोचीवर पडणारा राक्षस

दि. ४ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण आमच्या राक्षसाने तिसरी चोच मोडून घेतली. डायनासोरांच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी गं! उभा राहिला तर जिराफाएवढा, पंख पसरले तर लहान विमानाएवढा. संग्रहालयासाठी आम्ही तो निम्म्या आकाराचा, मोटारींवर चालणारा केला आहे. सपाट जमिनीवरून त्याने आपला आपण उडावं, हा माझा दोन वर्षांचा हट्ट. पण तो दोन पायांवर धावतो आणि तोंडावर आपटतो.

संग्रहालयाचे प्रमुख म्हणतात, एवढं धूड कड्यावरून उडी टाकूनच उडत असणार. महिनाअखेरीस शेवटची चाचणी. नाही जमलं तर त्याला तारांनी छताला टांगायचं, खाटकाच्या दुकानातल्यासारखं! मला ते बघवणार नाही. आपल्या अण्णांचा गुडघा ऑपरेशननंतर कसा आहे?

लोभ आहे तेवढा राहू दे, टोमणे कमी कर.

तुझी,
धाकटी

दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

टोमणे कमी होणार नाहीत. चोची मोडायचा पगार घेणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच.

अण्णांचा गुडघा नवा, खोड जुनी. ऑपरेशननंतर उठायचं-चालायचं कसं, हे मी गावभर शिकवते, पण घरच्या पेशंटला त्याचं काय! हात न टेकता ताडकन उठायला जातात आणि धपकन पलंगावर बसतात. काल शेवटी मी ओरडले, की दंडात एवढी ताकद आहे ती काय शोभेला ठेवली आहे का? तेव्हा कुठे हात रोवले, अंग पुढे झोकलं आणि उठले. वर मलाच म्हणतात, हे आपल्याला आधीपासून माहीत होतं.

आता मला सांग, तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या राक्षसाचे दंड पैलवानाचे आणि पाय काटक्यांचे. मग त्या बिचाऱ्याला काटक्यांवर पळवतेस कशाला?

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

ताई

दि. ३१ मार्च

प्रिय ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. यापूर्वी आम्ही शहामृग केला होता. त्याची पायांची यंत्रणा झकास, म्हणून तीच याला बसवली, आणि शहामृग पळतो म्हणून यालाही पळवत बसलो! हे प्राणी हातांनी, म्हणजे मिटलेल्या पंखांनीच, उसळी मारून उडत असावेत, असं काही अभ्यासक म्हणतातच. प्रमुखांनी ते वाचून बाजूला सारलं होतं. मी जोरदार मोटारी पायांतून काढून दंडात घातल्या. पहिल्या उडीत स्वारी पाठीवर पडली, पण चोच शाबूत!

काल मैदानात सगळे विश्वस्त हजर. त्याला तारांनी टांगायला बोलावलेला माणूसही शिडीला टेकून उभा. राक्षस पंख मिटून चारी पायांवर उभा राहिला, खाली दबला. आणि हात रोवून त्याने अशी उसळी मारली, की धूळ आमच्या तोंडावर आणि तो आमच्या डोक्यावर! अख्ख्या इमारतीला वळसा घातला त्याने. प्रमुख त्याच्यामागे पळत सुटले, एक बूट कुठे, चष्मा कुठे, आणि उडाला उडाला म्हणून ओरडत होते. मी तर चक्क रडले, ताई. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

टांगायचा बेत रद्द. प्रमुखांनीच सांगितलं, की त्याला दालनाच्या मधोमध जमिनीवर उभं करायचं, हात रोवून, उडायच्या बेतात. तारावाल्याने विचारलं, मग मी काय करायचं? प्रमुख म्हणाले, आधी बाजूला हो, हा आत्ता उडेल.

अण्णांना दंडवत, तुला दोन. लोभ वाढला तरी चालेल.

तुझी, अजून जमिनीवर न उतरलेली,
धाकटी