शाम्पूच्या खालची ओळ

आये, तुझी शपथ मी मोडली, आणि आता ती बोर्डावर लिहून मोडणार आहे. उद्या पेंटर येतोय. कर्जतच्या बाजारात माझं पार्लर आहे, तू गेल्यावर चार वर्षांनी टाकलं. जुन्या बोर्डाचा रंग उडाला म्हणून नवा करायला दिला. पेंटर विचारत होता, ताई, शाम्पूच्या स्पेलिंगात शेवटी यू की दोन ओ? म्हटलं, दोन ओ, आणि त्याच्या खाली मराठीत मोठ्या अक्षरात एक ओळ घाल, ‘बाळ-बाळंतिणीची मालिश व अंघोळ’. ही ओळ दादाच्या कानावर गेली आणि तो भर उन्हात गाडी काढून आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. “तेवढी एक ओळ काढ गं,” म्हणाला, “लोकं इसरलीत आपली आई काय करायची ते. आनि तू तर तिला शबूद दिलेलास, तिच्या डोक्यावर हात ठेवून.” मी म्हटलं, शब्द मी दिला होता ना, मग तो मोडायचा की ठेवायचा ते मी बघते. तो तणतणत गेला. तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतेय, आणि मनातल्या मनात भागेना म्हणून हा कागद घेतलाय.

तो दिवस तुला आठवत असेलच. मी चौथीत आहे. त्या मोठ्या घराच्या मागच्या न्हाणीत तू पाटावर बसली आहेस, पाय लांब सोडून, आणि तुझ्या नडग्यांवर ते एवढंसं बाळ पालथं. चुलाणावर पाणी खदखदतंय. तू तळहातावर तेल ओततेस, हात एकमेकांवर चोळतेस, आणि मग पाठीवरून असा अंगठा फिरवतेस की रडणारं पोर मध्येच गप्प होतं आणि सुस्कारा टाकतं. मी धुरीचं भांडं धरून उभी. तुझ्या हातांकडे बघत मी सगळं शिकत होते, तुला कळलंच नाही. बारा दिवस ते बाळ तुझ्या पायांवर होतं. मग बारसं झालं. तुलाही बोलावणं होतं, मागच्या पडवीत. आपलं पान तिथेच वाढलं. आत पाळण्यात बाळ रडायला लागलं, चार बायकांनी घेतलं तरी राहीना. तू हात पुसलेस आणि उंबऱ्यापर्यंत गेलीस. बाळाची आजी तुझ्याकडे बघून म्हणाली, “तू राहू दे गं, आज पाहुणे आहेत.” फार हळू म्हणाली, वाईट आवाजात नाही. तू परत येऊन पानावर बसलीस आणि हात पदरात घेतलेस. तुझी भाकरी कुणाच्या अंगावरून येते हे मला शाळेतल्या पोरी सांगायच्याच, चेपणारीची पोर म्हणून, पण तुझे हात असे लपलेले मी पहिल्यांदा पाहिले.

परत येताना नदीच्या पुलावर तू थांबलीस. काखेतलं, त्या घरून बारशाला मिळालेलं नवं लुगडं खाली ठेवलंस, माझा हात धरलास आणि आपल्या डोक्यावर ठेवलास. “बोल, कुनाचं आंग चेपून पोट भरनार नाय. लेखनी धर, नायतर उपाशी ऱ्हा.” मी बोलले. भूक लागली होती, ऊन होतं, आणि तुझा चेहरा बघून नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

लेखणी धरलीच की मी. बारावी झाले, टायपिंग शिकले, कुंभिवलीला एका कारखान्याच्या ऑफिसात चिकटले. तू गावभर सांगत सुटलीस, आमची पोर कंप्युटरवर हाय. आये, मला त्या खुर्चीत जीव नकोसा व्हायचा. आठव्या महिन्यात मी ती नोकरी सोडली आणि खोपोलीच्या एका पार्लरमध्ये लागले, लोकांची डोकी धुवायला. तुला सांगितलं नाही. रोज त्याच वेळी डबा घेऊन निघायचे. माझी बोटं पाण्याने सुरकुतलेली बघून तू विचारलंस, तर म्हटलं, ऑफिसात सारखे हात धुवायला लावतात. तू म्हणालीस, बरंय, चकचकीत असंल हापिस. दादाला वाटतं मी नाइलाजाने या धंद्यात आले. नाही. मला हे काम आवडतं. बाई बेसिनवर मान टाकते तेव्हा तिची मान लाकडासारखी असते. कानामागे अंगठा टेकवून जरा थांबलं की ती सुस्कारा टाकते. तो सुस्कारा मी तुझ्या न्हाणीत ऐकलेला आहे, आणि तो ऐकायला मिळावा म्हणून मी दिवसभर उभी राहते.

आता गंमत ऐक. तुझी नात कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. परवा पार्लरच्या सोफ्यावर अभ्यास करत होती, एकदम म्हणाली, “मम्मी, शाम्पू हा शब्द इंग्रजी नाहीच आहे. इकडूनच गेलाय.” मला वाटलं, थट्टा करते. तर तिने वाचूनच दाखवलं. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणं, रगडणं. चाँपो म्हणजे दाब. गोऱ्या साहेबांनी इथे अंग रगडून घेतलं आणि शब्दही उचलून नेला. पहिल्यांदा त्यांच्या भाषेत शाम्पू म्हणजे नुसती मालिश होती, केसांचा संबंध नव्हता. मग डोकं रगडून धुणं झालं, आणि मग ते ज्याने धुवायचं त्या साबणाच्या पाण्यालाच शाम्पू म्हणायला लागले. आपण चेपणं म्हणतो, ते चाँपना म्हणतात, आता दोघं सख्खे की चुलत ते शिकलेल्यांनी बघावं. पण काम तर तेच ना गं. ज्या बाईने तुला उंबऱ्यावर अडवलं तिच्या न्हाणीतल्या फळीवर शाम्पूची बाटली होती. मी ते झाकण उघडून वास घ्यायचे. बाटलीवर तुझ्या कामाचं नाव लिहिलं होतं आणि ती बाटली आतल्या फळीवर, तू मागच्या पडवीत.

म्हणून ती ओळ मी काढणार नाही. शनिवार-रविवारी फार्महाउसवरच्या बायका गाड्या घेऊन येतात, आधी फोन करून वेळ ठरवतात, पुढच्या दाराने येतात, आणि मी जे करते त्याचं इंग्रजीत नाव घेतात. तेच तेल, तेच अंगठे. इंग्रजीत लिहिलं तर दादाला चालतं, मराठीत लिहिलं की आईची अब्रू जाते, हा कुठला न्याय? तू लाज धरलीस ती तुझी नव्हतीच. त्या घराने ती तुला दिली, लुगड्यासारखी, आणि तू घडी न मोडता घरी आणलीस आणि माझ्या अंगावर घातलीस. मला त्याचा राग आहे, आये. अजून आहे. तुझ्यासारखा हात या तालुक्यात दुसरा नव्हता, आणि तू मला तो शिकवायचा सोडून तो न चालवायची शपथ घातलीस.

दादा उद्या परत येईल. येऊ दे. बोर्ड लागणार.

हा कागद कुठे टाकायचा नाही, टॉवेलांच्या कपाटात राहील. पण एवढं भांडले तर एक राहिलेलं सांगून टाकते. तुझ्या शेवटच्या आठवड्यात तुझं डोकं ठणकत होतं. तू म्हणालीस, “जरा डोकं चेप गं, आजवर कुनी माजं चेपलं नाय.” मी म्हटलं, मला नाही येत. येत होतं, आये. चार वर्षं मी तेच करत होते. पण तुझ्या डोक्याला माझे अंगठे लागले असते तर तुला दुसऱ्या क्षणी कळलं असतं की हे कंप्युटरवरचे हात नाहीत. मी दादाला गोळी आणायला पाठवलं आणि तुझ्या उशाशी हात मांडीखाली घेऊन बसून राहिले.