पत्र्यावरचा पंजा

मंगळवार, ऑगस्ट १९९६
बेंगळुरू

१. पाण्याच्या झोताची चाचणी जमली. जहाजाच्या पत्र्यावरचा जुना रंग वाळू न मारता निघाला.
२. गोव्याच्या गोदीतून वर्षभर चाचण्यांना येणाऱ्या सतीशनी त्या स्वच्छ पत्र्यावर उघडा हात ठेवला.
३. मी रागावले. ते म्हणाले, "गोदीत हातानंच बघतो हो आम्ही. शिक्षा काय, मॅडम?"

जेवून परतले, तर तिथे गंजाचा पंजा उमटलेला. घामातलं मीठ, दुसरं काय. पुन्हा झोत मारायला हवा होता. मारला नाही. का?

संध्याकाळी इथल्या शिवाजीनगरला बसची वाट बघताना ते हळूच म्हणाले, "माझ्याशी लग्न कराल?" मी म्हटलं, "अहवाल पाठवते." असं कोण बोलतं? घरी अक्काला सांगितलं, तर ती हसतच सुटली. "स्वल्प, जरा माणसासारखं बोल ग."

तो पंजा डोळ्यांपुढून हलत नाही. पाची बोटं स्पष्ट.

उद्या टपालात एवढंच टाकते: सतीश, मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. पण हे काम मला सोडायचं नाही, आणि ते बेंगळुरूत आहे. तुम्ही इथे राहायला याल का? पुढच्या शनिवारपर्यंत कळवा.