टेपाच्या वाटेवरच्या डहाळ्या

महाड,
२९ जानेवारी

तीर्थस्वरूप भरतदादास,

विनीतचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदावरच जमतं आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) आम्ही चौघे खुशाल आहोत. म्हणजे माझा डावा गुडघा, सारिकाची पाठ, सेजलच्या पायाचा अंगठा आणि सार्थकचा माझ्यावरचा विश्वास एवढं सोडलं तर सगळं ठीक आहे. तुझी साखर आता किती आहे? वहिनींचा खांदा वर जातो का? त्यांना म्हणावं, तिकडून निघताना आत्याने तेलाची बाटली दिली आहे, कशाचं तेल ते तिने सांगितलं नाही, पण वासावरून गुण येणार असं वाटतं.

तू मला एकच काम सांगितलं होतंस. आत्याला समजवायचं, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने टेपाच्या वाडीत एकटीने राहू नये, पावसाआधी कांदिवलीला तुझ्याकडे कायमचं राहायला यावं. तू असंही म्हणालास, ‘विनीत, तुझं ती ऐकते आणि तू शांतपणे बोलतोस.’ (दुसरं खरं आहे. पहिल्याबद्दल मी जुन्या डायऱ्या चाळल्या, तसा पुरावा सापडला नाही.) श्रीपतच्या जीपने जा, पोलादपुरातून तासाभरात वर पोचशील, असं तू दोनदा बजावलंस. ते मी ऐकलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं. दोष माझा आहे हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला मोकळेपणाने लिहिता येईल.

घरात मी असं सांगितलं, की एवढी मोठी गोष्ट सांगायला जायचं तर माणसाने निदान पायी जावं. हे वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं, की ते खरं आहे का हे तपासायचं राहून गेलं. रात्री डायरी लिहिताना लक्षात आलं, की खरं कारण वेगळं आहे. आत्या एकदा खाली आली, की त्या वाटेने वर जायला आपल्यापैकी कुणालाच कारण उरणार नाही. माझ्या मुलांनी ती वाट पाहिलेली नाही. मी तिच्यावरून शेवटचा गेलो तो तेराव्या वर्षी, मे महिन्यात, आपल्या वडिलांच्या मागून. आठवतं का तुला? भाऊंच्या डोक्यावर आत्यासाठी घेतलेला पितळी हंडा, हंड्यात तांदूळ, तांदळात खुपसलेले वीस आंबे. सुट्टीत आधीच आत्याकडे गेलेला तू आम्हाला न्यायला उमरठपर्यंत खाली उतरून आला होतास आणि सोळा वर्षांचा असूनही एखाद्या मुकादमासारखा आम्हाला ‘उचला पाय’ म्हणत होतास. रात्री खिंडीतल्या देवीच्या चौथऱ्यावर झोपलो. भाऊंनी हंडा उशाशी घेतला होता आणि झोपेत त्यांचा हात लागला की तो घुमायचा. सकाळी आत्या अंगणाच्या कडेला उभी होती. भावाच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेऊन तिने त्याच्या टाळूवर चुंबळ दाबून खोलगट झालेल्या केसांवरून हात फिरवला.

तर तीच यात्रा तशीच करायची, मुक्कामासह, असं मी ठरवलं. हंड्याऐवजी आमच्याकडे चार सॅक होत्या. सार्थकने ऑनलाइन तंबू मागवला होता. तो चार माणसांचा आहे, असं पिशवीवर लिहिलं आहे. (चौघांनी एका वेळी आणि एकाच दिशेला कूस बदलायची हे आधी ठरवलं तर ते खरं आहे.) सारिकाने बावीस पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि स्टोव्हचं ओझं नको म्हणून सुकी लाकडं मिळतीलच या भरवशावर एक काडेपेटी घेतली. सेजलच्या सॅकमध्ये काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण सर्वांत जड तीच होती. माझ्याकडे वाटेचा आधार म्हणून माझी आठवीच्या सुट्टीतली डायरी होती. कोर्टात नक्कल विभागात एकवीस वर्षं काढल्यावर माणसाचा लिहिलेल्या गोष्टीवर जो विश्वास बसतो, तो मी त्या डायरीवर ठेवला. त्यात एक वाक्य स्वच्छ अक्षरात आहे: ‘वाटेत जिथे जिथे फाटा फुटला तिथे दादाने ऐनाची डहाळी टाकली.’

शनिवारी उमरठच्या पुढे सहा आसनी रिक्षा सोडली आणि चढायला लागलो. थंडी होती, गवत वाळून सोन्यासारखं झालं होतं, आणि पाऊण तासावर पहिला फाटा आला. तिथे, दादा, उजव्या वाटेवर ऐनाची ताजी डहाळी पडलेली होती. पानं अजून हिरवी होती. मला भरून आलं. तेहतीस वर्षांनी, डांबरी रस्ता आणि जीप आल्यानंतरही, त्या डोंगरात अजून कुणीतरी मागून येणाऱ्यासाठी डहाळी टाकतं आहे. मी मुलांना थांबवून या पद्धतीबद्दल सांगितलं, डायरीतलं वाक्य वाचून दाखवलं आणि उजव्या वाटेने निघालो.

आता मुद्दा असा, की मी डायरीत डहाळी टाकली असं लिहिलं आहे, कोणत्या वाटेवर टाकली ते लिहिलेलं नाही. हा आक्षेप सारिकाने तिथेच घेतला. तिचं माहेर महाडजवळचं नाते गाव, आणि नाते गावची माणसं वाट शोधत नाहीत, माणूस शोधतात आणि त्याला विचारतात. ती म्हणाली, “अहो, आडवी का ठेवली असेल? दाराला अडसर घालतात तो काय ‘आत या’ म्हणायला?” मी तिला समजावलं, की खूण नेहमी जायच्या जागी करतात, न जायच्या जागी नाही. कोर्टात आम्ही सही करायच्या जागी फुली करतो, न करायच्या जागी करत बसलो तर कागद पुरणार नाही. हे बोलणं इतकं पटण्यासारखं होतं, की दुसऱ्या फाट्यावर मीही थोडा शंकेत असताना मला स्वतःचंच ऐकावं लागलं. तिसऱ्या फाट्यावरची डहाळी तर चांगली हातभर लांब आणि वर दोन दगड ठेवून पक्की केलेली होती. सेजल म्हणाली, “बाबा, हे कुणीतरी रागाने ठेवलंय.” मी म्हटलं, प्रेमाने. (या क्षणी मला आपण चुकतो आहोत हे कळलं होतं का? मी हे तीन रात्री स्वतःला विचारतो आहे. कळलं होतं. पण दोन फाटे मागे जाऊन सारिकासमोर पहिला फाटा पुन्हा बघायचा, त्यापेक्षा पुढचं रान बरं वाटलं.)

पुढे कारवीच्या झुडपांत वाट बारीक होत होत गुरांची झाली, मग सशांची झाली, मग नाहीशी झाली. सार्थकच्या मोबाइलमध्ये आम्ही एका सलग हिरव्या डागाच्या मधोमध निळा ठिपका होतो. त्याने तो मोठा करून पाहिला, तेव्हा डाग मोठा झाला. सूर्य कलला तेव्हा आम्ही डोंगराच्या एका सोंडेच्या टोकाशी होतो. पुढे कडा, आणि मधल्या खोल दरीपलीकडे, समोरच्या धारेवर, आपली टेपाची वाडी. आत्याच्या घराची कौलं दिसत होती. इतकी जवळ, की ओरडून चहा मागावा. जायला मात्र सगळी सोंड उतरून पुन्हा चढायला हवी होती. आम्ही तंबू लावायला घेतला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण त्यात बोलले गेलेले काही शब्द मुलांनी प्रथमच ऐकले.

तेवढ्यात पलीकडून कुकारा आला, दरीपार पोचणारी लांब हाळी. सार्थकला ते कोणतं तरी जनावर वाटलं. मी ओळखला. भाऊ शेतावरून घरी असाच घालायचे, शेवट वर उचलून. शेहेचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला, कारकुनी करणारा मी कड्याशी उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून उत्तर दिलं. पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा जमला. मग दरीवरून एकेक शब्द सुटा सुटा आला: “हलू नको रे. थांब तितंच. सकाळी येतंय मी.” चौघांनाही त्या रात्री झोप चांगली लागली, हे नमूद करतो.

उजाडताना ती आली. कमरेला कोयती, हातात भाकरीचं गाठोडं, आणि पायात तू मागच्या गणपतीत विसरलेले बूट, पुढे चिंध्या कोंबून घट्ट केलेले. दोन तासांची वाट ती अंधारात निघून चालत आली होती आणि तिला धाप लागलेली नव्हती. आम्हाला चौघांना एकदा नीट पाहून घेतलं आणि मग माझ्याकडे वळली.

“काय रे, डाळ्या दिसल्या नाय तुला?”

“दिसल्या, आत्या.”

“मंग?”

मी डायरीचा उल्लेख केला. मग तिने तिची बाजू सांगितली. मी जीप नको म्हटल्यावर श्रीपतने तिला सांगितलं होतं, की विनीत पायी येतो आहे, म्हणून शुक्रवारी ती पहिल्या फाट्यापर्यंत उतरून आली होती आणि जी जी वाट चुकीची, ती ती माझ्यासाठी डहाळी टाकून मोडून गेली होती. तिसऱ्या ठिकाणी मुद्दाम दगड ठेवले, “म्हनलं, ह्यो लिवनारा हाय, नुसत्या पानांनी थांबायचा नाय.” मी पानांनीही थांबलो नाही आणि दगडांनीही नाही. तिने बंद केलेल्या एकूण एक वाटेने मी माझ्या कुटुंबाला घेऊन गेलो. (पहिल्या दोन वळसा घालून पुन्हा मूळ वाटेलाच लागतात, म्हणून तर तिसरी डहाळी आमच्या वाट्याला आली.) ती सारिकाला म्हणाली, “तू तरी बोलायचंस गो.” सारिका म्हणाली, “बोलले होते.” त्यानंतर त्या दोघी पुढे आणि मी मागे, असे आम्ही चाललो, आणि त्यांचं बोलणं मला नीट ऐकू येत नव्हतं याबद्दल मी देवाचा आभारी आहे.

पण मागे चालताना एक गोष्ट कळली. त्या वर्षी डहाळी कोणत्या वाटेवर होती हे मला का आठवत नाही? कारण मी वाट पाहिलीच नव्हती. मी भाऊंच्या टाचा बघत चाललो होतो. भेगा पडलेल्या, मातीने भरलेल्या, हंड्याच्या ओझ्याने प्रत्येक पावलाला किंचित पसरणाऱ्या. त्या टाचा मला आजही काढून दाखवता येतील. वाट नाही. रविवारी माझ्यापुढे तुझे बूट होते, आणि ते अगदी तसेच पडत होते, बाहेरच्या कडेवर जोर देऊन. भावाबहिणीची चाल एक आहे हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

टेपावर आठ घरं आहेत, त्यांतली सात बंद. कुलपांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आहेत, गंजू नयेत म्हणून. त्या पिशव्या आत्याच बदलते. सात घरांच्या किल्ल्या तिच्याकडे खिळ्यावर आहेत आणि दर सोमवारी ती एकेक घर उघडून वारा देते. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकट खाताना मी मनात वाक्यं जुळवत होतो, ‘आत्या, आता तुला चालवत नाही’ अशी. आता तूच सांग, दादा. ज्या बाईने भल्या पहाटे डोंगर उतरून आम्हाला हुडकलं, माझी आणि सेजलची अशा दोन सॅक पाठीला मारून वर आणलं, तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार, की तुला एकटीला झेपत नाही? पाहिलेलं आहे तसं कळवणं माझं काम आहे, आणि मी असं पाहिलं, की तिला चालवतं, दिसतं आणि ऐकू येतं, आणि त्या डोंगरात झेपत नाही ते मला. तेव्हा तिला तिथेच राहू द्यावं, असं माझं मत आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आमच्या सगळ्यांचे पाय दुखत असले तरी तुझ्या घराकडे वळायला तयार आहेत.

तुझा,
विनीत

ता. क. तंबू हवा असेल तर घेऊन जा. एक खुंटी कमी आहे.

ता. क. २. हे पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. वर लिहिलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. रविवारी संध्याकाळी आत्या माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “भरतानं धाडला ना तुला? मंग बोल की. दिवसभर नुसती दाढी खाजवतोस.” मी तुझा निरोप एका वाक्यात सांगितला. तिने लगेच मान हलवली. “येते. चालायला येतंय रे मला. पन सांजचं बोलू कुनाशी? कोंबड्यांना सगळं सांगून झालं.” मी तिला म्हटलं, पुन्हा विचार कर. दादा, तू मला ज्या कामासाठी पाठवलंस, ते न समजावता झालं, आणि मी ते मोडायला बघत होतो. ती म्हणाली, “तुला यायला घर हवं म्हनून मी इतं बसू का रे?” तिला उत्तर द्यायचं सोडून मी तुला वरची पानं लिहिली.

ता. क. ३. तिच्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सोडून यायला ती तयार नाही. गच्चीवर ठेवता येतील का, ते तुमच्या सोसायटीत विचारून ठेव. माझं नाव सांगू नकोस. किल्ल्या मी घेतो म्हणून सांगितलं आहे. सोमवारी कोर्ट असतं, तेव्हा रविवारी वारा दिला तर चालेल का, हे तिला विचारायचं राहिलं.

ता. क. ४. सारिका विचारते, टेपावर रेंज नसली तरी महाडात आहे, मग तिसरा दिवस उजाडला, भाऊजींना फोन करून ‘येते म्हणाल्या’ एवढे दोन शब्द का सांगत नाही? मी तिला सांगितलं, पोस्टाने तुला हे चार दिवसांत मिळेल. तेवढे चार दिवस आत्या टेपावर आहे.