डाळिंबाच्या बुडाशी पाहुण्यांचे पाय

विहीणबाई महादेवी, सगळ्यांच्या आधी आला तो पाण्याचा टँकर, आणि त्याच्या शेपटाला लागून एक जीप. (आधी नमस्कार लिहायचा असतो, ठाऊक हाय. नमस्कार. तुमचे गुडघे कसे हाईत? माझे हाईत तिथंच हाईत. आपली नात उमा तुमच्याकडं भेंडी खाती का, ते खाली इचारते. आधी जीपीचं ऐका.)

लातूर जिल्हा झाल्यापासून आमच्या रेणापुरात जीप दिसली की लोकांना आत कलेक्टरच दिसतो. शेजारच्या नागुबाईनं वाट्यापेक्षा जास्तीची भरलेली घागर गोधडीखाली झाकली आणि बाजूला पडून कण्हायला लागली. उतरला तो कॉलेजचा मास्तर, शिवमूर्ती नावाचा, आणि मागं पोरं-पोरी. घरचं वळण माणसाला कसं घडवतं, हे शिकवायला त्यानं त्यांना आणलं होतं. (त्याला जीप कशाला लागती? तुमची लेक आमच्या घरात आली तेव्हा तिचं वळण मला चहाच्या पहिल्या कपातच कळलं. वाईट म्हणून न्हाई सांगत. चहा गोड होता. लईच गोड होता.)

आमच्या ओसरीला सावली, म्हणून सगळे इकडंच आले. मी म्हणलं, आधी पाय धुवा. दारातल्या डाळिंबाच्या बुडाशी एकेकाला उभं करून तांब्यानं पाणी घातलं. तुमच्याकडं जायच्या आधी उमानं बी पेरलेलं, तेच हे डाळिंब. गुडघ्याला लागलंय आता. एक पोरगी म्हणली, "आजी, माझे पाय साफ हाईत, बूट होते." मी म्हणलं, "बुटातले तर आधी धुवावेत, माय." मास्तर लई खूश. पोरांकडं वळून म्हणला, "बघा, प्यायला पाणी न्हाई, तरी पाहुण्याचे पाय धुतल्याबिगर आत घेत न्हाईत. ह्याला म्हणतात संस्कार!" पोरं मान खाली घालून लिहायला लागली. तेवढ्यात मी बुटवालीचे पाय पुन्हा एकदा धुतले.

मग मास्तरनं एकेकाला घरची रीत सांगायला लावली. एका पोराच्या घरी संध्याकाळी धडा मोठ्यानं वाचल्याबिगर ताट मिळत नसे. आई शाळेची पायरी न चढलेली, पण पोरगं कुठं अडखळलं ते तिला भाकरी थापता थापता कळायचं. बुटवाली शेवटी बोलली. लहानपणी तिची आजी रोज झोपताना तिच्या तळपायाला तेल चोळायची. आजी गेली. आता होस्टेलात कुणाला ताप आला की ही तिच्या तळपायाला तेल चोळती. का, ते तिला आत्ता सांगता सांगताच कळलं म्हणे. मी उठून चुलीकडं गेले. चूल इझलेली होती, तरी धूर लागला.

मास्तरनं मलाही सोडलं न्हाई. "आजी, तुम्ही नातीला काय शिकवलं?" मी काय सांगणार? तोंड धुतलेलं पाणी रोपाला घालायचं, एवढंच. दुष्काळ पडला म्हणून लेकरू तुमच्याकडं धाडलं, बरंच केलं. धर्माबादेत नळ हाय, जवळ गोदामाय हाय. पण नळाखाली तोंड धुताना उमाचा हात अजून खाली काही धरायला जातो का हो? तिला इचारू नका, नुसतं बघा आणि कळवा. आणि तुमचं गाव मिरचीच्या बाजाराचं, तिथं जीभ तिखट होती म्हणतात. मी उमाच्या जिभेबद्दल बोलतीय.

तुमची,
कावेरीबाई

ता.क. मास्तरला कळू देऊ नका, पण टँकरचं पाणी झाडाला घालायला आमच्या गावात मनाई हाय. पाहुण्याच्या पायावर घालायला न्हाई. डाळिंब त्याच्यावरच जगलंय. पोस्टमनचे पाय इतक्या खेपा धुतले की तो आता पत्र भिंतीवरूनच टाकतो.

आणखी ता.क. भेंडीचं राहू द्या. उमाला घेऊन या. फाट्यावर उतरून चालतच आणा, चप्पल पिशवीत ठेवा, पाय चांगले मळू द्या. तिच्यासाठी भरलेली घागर मी वेगळी झाकून ठेवीन, नागुबाईच्याच गोधडीखाली. पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी या. मास्तर आणि पोरंही त्याच दिवशी परत येतो म्हणून गेलेत.