पंचविसावा शब्द

प्रिय वैष्णवी,

सप्रेम जय भीम. शाळेच्या सुट्ट्यांत तुझ्या पत्रावर 'राम कृष्ण हरी' असायचं आणि माझ्या उत्तरावर हे. दोघींच्याही घरी हसायचे. इतक्या वर्षांनी पुन्हा कागद घेतलाय, कारण फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं अडतं.

विलासचं विचारलं होतंस. उजवा डोळा गेला. डाव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. डोक्याचे टाके निघाले, पण आठवणी जागोजागी पुसल्या गेल्यात. मला ओळखतो, आईला ओळखतो. त्या दुपारचं मात्र काहीच सांगता येत नाही. परवा सासूबाई भरवायला गेल्या तर ताट उचलून त्यांच्या कपाळावर मारलं. त्यांनी रक्त पुसलं आणि दुसरं ताट वाढून आणलं. ज्याचा चढलेला आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता, तो हा माणूस.

त्याचं काम तुला कधी नीट कळलं नाही. उमापुरात घरी बसून तो परदेशातल्या एका कंपनीचं काम करायचा. सुरुवातीला त्यांनी मेहनतान्याचा काही भाग बिटकॉइनमध्ये दिला, तो त्याने कधी मोडला नाही. तुझ्या हनुमानदादाला ते शिकायचं होतं. आमच्या ओसरीवर बसून विलास त्याला समजावत होता, "चोर समदे नेटवर हायेत, म्हणून चावी नेटच्या बाहेर ठेवायची." ती चावी ठेवायचं पेनड्राइव्हएवढं एक यंत्र असतं. ते जळलं, हरवलं, तरी चोवीस इंग्रजी शब्द हाताशी असले की सगळं परत मिळतं. ते शब्द त्याने स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेतले होते. मी चहा आणायला आत गेले तरी दोघांचं चालूच होतं. दादा म्हणाला, "लई डोकं हाय बे तुला." सातासमुद्रापारच्या चोराची सगळी तजवीज विलासने केली होती. चहा प्यायला बसलेल्याची केली नव्हती.

गेवराईहून येताना जीपने त्याची मोटारसायकल उडवली, हे तुला माहीत आहे. पुढचं मी कुणालाच पुरतं सांगितलेलं नाही. विलासच्याच फोनवरून मला व्हिडिओ कॉल आला. बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड, गमज्यांनी बांधलेली तोंडं, आणि खांबाला बांधलेला विलास. एकाने त्याचा हात विटेवर दाबून धरला, दुसऱ्याने हातोडी घातली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. "पट्टी आण. पोलिसांत गेलीस तर दुसरा हात घेतो." विलास मानेनेच नको म्हणत होता. मी त्याचं ऐकलं नाही. ज्वारीच्या कोठीतून पट्टी काढली आणि सांगितलेल्या पुलाखाली ठेवून आले. कसली कमाई आणि कसलं काय, माणूस परत येऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

पण पुन्हा कॉल आला. पट्टीच्या शब्दांनी खातं उघडलं होतं, आत अगदी किरकोळ रक्कम होती. एक जण विलासच्या बरगड्यांत लाथा घालत ओरडत होता, "वरून अजून एक शब्द लागतो! तूच सांगितलं होतंस ना बे मला!" खरी रक्कम उघडणारा असा पंचविसावा शब्द असतो आणि तो विलासने फक्त डोक्यात ठेवलाय, हे मला त्या घडीला कळलं. आणि विलासला कळलं, गमज्याआड कोण आहे ते. त्याने मान वर केली. तोंडातून रक्त येत होतं. म्हणाला, "हनुमान, पाणी दे."

मग तुझ्या दादाने रॉड उचलला. पहिला घाव मी पाहिला. नंतर फोन खाली पडला. मला वरचे पत्रे दिसत होते आणि घाव ऐकू येत होते. दिवस मावळताना शेळ्या राखणाऱ्या केसरबाईंना विलास चारीत पडलेला सापडला.

तो शब्द आता त्यालाही आठवत नाही. पैसा आहे तिथेच आहे, तो कुणालाच मिळायचा नाही. मला विलासचा फार राग येतो. मला तो शब्द माहीत असता तर मी ओरडून सांगितला असता, त्याचा डोळा राहिला असता. मग वाटतं, मला माहीत असता तर जीप माझ्यासाठीच आली असती. त्याने हाच विचार केला होता का, हे विचारायची सोय राहिली नाही.

मी पोलिसांना तुझ्या दादाचं नाव सांगितल्यावर तुझी आई दवाखान्यात आली होती. नारायणगडाची आण घालून म्हणाली, "पोरी, एका नावापायी दोन घरं कावून जाळतीस? जमीन लिहून देतो, विलासचा इलाज करतो." हा निरोप तुझ्या वडिलांचा, सुंदररावकाकांचा आहे, ते तिने सांगितलं नाही, पण कळत होतं. सासूबाई म्हणाल्या, "बायनाबाई, माझ्या लेकानं तुमच्या पोराचं नाव घेतलं ते पाण्यासाठी. त्यानं घोटभर पाणी दिलं असतं, तर ते नाव आमी बी इसरलो असतो." तुझी आई चपला हातात घेऊनच जिना उतरली. दादा जामिनावर सुटला तेव्हा स्टँडवर त्याला हार घातले, तेही मी पाहिलं.

सोमवारी बीडच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तुझा निरोप मिळाला, "पंचे, तेवढं नाव ऐकलं न्हाई म्हण." ते मला जमणार नाही. त्यांचा वकील म्हणेल, हनुमान नावाची माणसं गावोगाव आहेत. म्हणून मी दुसरी गोष्टही सांगणार आहे. विलास सापडायच्या आधी तू माहेरून मला फोन केला होतास. "दादाचा सदरा रक्तानं भिजलाय, आई चुलीत घालतीय, भाऊजी घरी हायेत ना?" हे मी आजवर पोटात ठेवलं, तेलगावला तुझ्या सासरी तुझं काय होईल या भीतीने. काल आमच्या वकिलांना सांगून टाकलं. माझं ते ऐकीव ठरेल, ते म्हणाले. डोळ्यांनी पाहिलंय ते तू. त्यामुळे तुझ्या दारात समन्स येईल. ते कुणी पाठवलं हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. काय बोलायचं ते तू ठरव. तू पिंजऱ्यात उभी राहशील तेव्हा विलासला घेऊन मी समोरच्याच बाकावर बसलेली असेन.

अजूनही तुझीच,
पंचशीला