अंगठ्याची जागा

शांती नगर, मीरा रोड
रविवार, २० नोव्हेंबर १९९४

चि. संघर्षास, आजीकडून जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

तू विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. मी केसरबाई. तुझ्या बापाची आई. तू तीन वर्षांचा असल्यापासून नोकरीला लागेपर्यंत तुला मीच सांभाळलं, आणि त्याचा पुरावा म्हणून माझ्या कंबरेत अजून कळ येते. राहते तिथेच, तिसऱ्या मजल्यावर. आठ महिन्यांत पत्ता बदललेला नाही आणि पोस्टमनही तोच आहे.

तुझं पत्र मिळालं. समोरच्या शुभदाने ते दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं, मधलं एखादं पान राहिलं. राहिलं नव्हतं. आजी, तू कशी आहेस, हे एका ओळीत, आणि फॉर्मचं दीड पान.

मला समजलं ते असं. तुझ्या आजोबांची हेरल्ड गाडी तू नाशिकला नेलीस ती नुसती फिरायला नव्हे. ती आता कसल्याशा स्पर्धेत मैदानात पळवायची आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असली की मालकाने हरकत नाही म्हणून लिहून द्यावं लागतं. आजोबा गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली, म्हणजे मालक मी. मला सही येत नाही, म्हणजे अंगठा.

बावीस वर्षं तुझ्या आजोबांनी, कोंडिरामांनी, ती गाडी चालवली. आधी पारशी साहेबांची म्हणून, आणि साहेब परदेशी जाताना देऊन गेले त्यानंतर आपली म्हणून. मागे बसलेल्या साहेबांच्या हातातला चहा कधी हिंदकळला नाही, असं ते सगळ्या चाळीला ऐकवायचे. तीच गाडी तू आता धुळीत गरागरा फिरवणार. विचार करून कळवते. फॉर्म जानेवारीअखेर हवा म्हणतोस, मग घाई कसली? तोवर काय काय करतो आहेस ते सविस्तर लिही. मालकाला कळायला हवं.

तुझा बाप जीवन मस्कतहून दर शुक्रवारी खालच्या किराणावाल्याकडे फोन करतो. तीन मिनिटं. त्यातलं एक माझ्या जिना उतरण्यात जातं.

लोभ इकडे आहेच, तिकडे किती उरलाय ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी आजी
केसरबाई
(लिहिणार शुभदा)


सातपूर, नाशिक
२७ नोव्हेंबर १९९४

ती. आजीस, सविनय जयभीम, वि. वि.

चुकलो. आठ महिने कसे गेले कळलं नाही, असं लिहिणार होतो, पण तू म्हणशील, मला कळले. म्हणून नुसतं चुकलो.

आजी, ही काही रस्त्यावरची शर्यत नव्हे. हिला ऑटोक्रॉस म्हणतात. मैदानात एका वेळी एकच गाडी असते. नारिंगी शंकू मांडून वळणावळणांची वाट आखलेली असते आणि तुझी वेळ घड्याळावर मोजतात. शंकू पाडलास तर वेळेत पाच सेकंद वाढतात. सगळे हौशी लोक. सोमवारी ज्या गाडीतून कामावर जातात तीच रविवारी घेऊन येतात. आपली गाडी दोन दारांची, बुटकी, आणि एवढ्याशा जागेत वळते. अशा कामाला तिच्याइतकी चांगली गाडी अख्ख्या सातपुरात नाही.

मागची सीट, स्टेपनी आणि वरचं हुड काढून ठेवलंय. मागचे शॉकअब्सॉर्बर कडक बसवले. मागचा स्प्रिंगचा पाटा बदलून गाडी दोन बोटं खाली घेतली, म्हणजे वळणावर ती कलंडत नाही. डोक्यावर लोखंडी पाइपची कमान लावली आहे. गाडी उलटलीच तर कमान जमिनीवर टेकेल, डोकं नाही. वजन कमी राहावं म्हणून पेट्रोलही थोडंच ठेवतो. एकच अडचण आहे. डावीकडे जोरात वळलो की इंजिन खोकतं. दोन रविवार गेले, कार्ब्युरेटर तीनदा उघडला, काही सापडत नाही.

सहा डिसेंबरला दादरला येता येणार नाही, रजा मिळाली नाही. सोबतच्या फॉर्मवर खाली उजवीकडे अंगठ्याची जागा आहे, तिथे मी पेन्सिलने फुली केली आहे. शुभदाकाकूंची साक्षीदार म्हणून सही हवी. तेवढं लवकर कर.

तब्येत सांभाळ, लोभ कमी करू नकोस.

तुझा
संघर्ष


शांती नगर, मीरा रोड
रविवार, १८ डिसेंबर १९९४

चि. संघर्षास, जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

खालच्या मजल्यावरच्या बायांबरोबर सहा तारखेला दादरला जाऊन आले. रांगेत पाच तास उभी होते. आजूबाजूच्या पोरांत तू दिसतोस का ते पाहिलं. येणार नाहीस हे तू कळवलंच होतंस. तरी पाहिलं.

तुझ्या गाडीच्या खोकल्याचं औषध तुझ्या एवढ्या मोठ्या कारखान्यात कुणालाच कसं माहीत नाही? इथे टँकर येतो तेव्हा मी अजून तीन मजले हंडा चढवते. जिन्याच्या वळणावर भरलेला हंडा गुमान बसतो. अर्धा हंडा मात्र माणसाला ओढतो, कारण आपण वळलो की आतलं पाणी दुसऱ्या बाजूला पळतं. तुझं पेट्रोलही तसंच पळत असणार, आणि नळीच्या तोंडाशी काही उरत नसणार. ती बिचारी खोकेल नाहीतर काय करेल? गावी आम्ही हंड्यात आंब्याची डहाळी टाकायचो, पाणी शांत राहायचं. तू काय टाकायचं ते तू बघ. शिकलेला तू.

फॉर्मचं म्हणशील, तर मालकाचं अजून समाधान झालेलं नाही. कमानीचा पाइप किती जाड आहे? हेल्मेट तुझं आहे की मागून आणलेलं? मैदानात डॉक्टर असतो का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या पत्रांतून दिलीस तरी चालेल.

संध्याकाळी गॅलरीत उभी राहते. राई गावाच्या खाडीकडून वारा येतो. आधी समोर मिठागरं दिसायची, आता एक बिल्डिंग दिसते. तिथे कुणीतरी रोज सहा वाजता टीव्ही लावतं. आवाज आमच्याकडे येतो, चित्र येत नाही. कोण बोलतंय ते मीच ठरवते.

लोभ असू दे, निदान उत्तरापुरता.

तुझी आजी
केसरबाई

ता. क. संघर्ष, हे आजींनी सांगितलेलं नाही, मी माझ्या मनाने लिहिते आहे. तुझा फॉर्म आला त्याच दिवशी त्यांनी अंगठा दिलाय. साक्षीदार म्हणून मी सही केली आहे. कागद तांदळाच्या डब्यात आहे. पाकिटात घालू का विचारलं की म्हणतात, कागद गेला की त्याचं काम झालं, मग पोस्टमन कशाला येईल. मी सांगितलं म्हणून बोलू नकोस. रागावूही नकोस. — शुभदा


सातपूर, नाशिक
१ जानेवारी १९९५

ती. आजीस, सविनय जयभीम, वि. वि.

पाइप दीड इंची आहे, आणि जाड आहे. बाकी दोन प्रश्नांची उत्तरं पुढच्या रविवारी.

तुझ्या हंड्याचं बरोबर निघालं. टाकी खाली उतरवली, आठ वेळा पाण्याने धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि वास पूर्ण गेल्यावर आत भोकं पाडलेले दोन पत्रे आडवे बसवले. हीच तुझी डहाळी. काल डावीकडे सलग चार वळणं घेतली, एकदाही खोकली नाही. माझ्याबरोबर कामाला असलेला बबन विचारत होता, हे कुणी सुचवलं. आजीने म्हटल्यावर हसला. मग टाकीकडे बघून हसायचा थांबला.

आता टायरच्या मागे लागलोय. टायरच्या कडेला खडूने रेघा मारायच्या, जोरात चार वळणं घ्यायची आणि उतरून बघायचं. रेघ फार पुसली गेली तर हवा कमी, अजिबात पुसली नाही तर हवा जास्त. मग पंप मारायचा नाहीतर हवा सोडायची, पुन्हा खडू, पुन्हा वळणं. सगळा दिवस असाच जातो. कपड्यांवर एवढा खडू असतो की मेसवाल्याला वाटतं मी मास्तर आहे.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. भात मी करतो. दोघांचाच होतो, कमी घालायला अजून जमत नाही. उरलेला सकाळी खातो. इथे थंडी आहे. गाडीची पुढची डावी सीट मात्र मी काढलेली नाही. बबन म्हणतो, तेवढं वजन उगाच वागवतोस. आजोबा चालवायचे तेव्हा मी तिथे बसायचो, असं त्याला सांगितलं नाही. सीट जाम झाली आहे म्हटलं.

टँकरचे हंडे एकटीने चढवू नकोस, खालच्या बायांना हाक मार.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
संघर्ष


शांती नगर, मीरा रोड
रविवार, १५ जानेवारी १९९५

चि. संघर्षास, जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

पहिल्या तारखेचं पत्र मिळालं, आणि आठ तारखेचंही मिळालं. आठवड्याला एक पत्र म्हटल्यावर पोस्टमनने मला विचारलं, घरात लग्न निघालंय का.

दोन्ही पत्रं शुभदाकडून तीन-तीनदा वाचून घेतली. फॉर्मबद्दल कुठे काही लिहिलंय का म्हणून शोधत होते. नाही. विसरलास म्हणावं, तर तारीख पंधरा दिवसांवर आली आहे. रागावलास म्हणावं, तर मेसच्या भाजीत तेल किती असतं तेसुद्धा लिहिलंयस. रागावलेला माणूस तेलाचं लिहीत नाही. मी शुभदाकडे पाहिलं. एरवी लिहिताना मध्ये दहा वेळा बोलते, आज मान खाली घालून लिहिते आहे.

तेव्हा कागद सोबत पाठवते आहे. त्याला तांदळाचा वास लागला असेल, अंगठा जरा फिका वाटेल. कोणी विचारलं तर सांग, मालकीणबाई म्हाताऱ्या आहेत, त्यांना विचार करायला वेळ लागतो.

हळू चालव असं म्हणणार नाही. तुला ते जमणार नाही आणि तिथे ते शोभणारही नाही. हेल्मेटचा पट्टा मात्र बांध. स्पर्धेच्या दिवशी सकाळी पोटात काहीतरी घालून जा.

आता पत्र नाही आलं तरी मी समजून घेईन. फक्त निकाल कळव.

लोभ माझ्याकडून कायम, पावती नको.

तुझी आजी
केसरबाई


सातपूर, नाशिक
१४ फेब्रुवारी १९९५

ती. आजीस, सविनय जयभीम, वि. वि.

तेवीस गाड्यांत नववा आलो. एक शंकू पडला, शेवटून दुसऱ्या वळणावर. तो राहिला असता तर पाचवा आलो असतो. बबनला ते माझ्यापेक्षा जास्त लागलंय.

पट्टा बांधला होता. पोहे खाऊन गेलो होतो. माझा नंबर आला तेव्हा हात असे गार पडले की स्टिअरिंग दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे असं वाटलं. पण पहिलं डावं वळण आलं, गाडी खोकली नाही आणि मग मी काहीच विचार केला नाही. दीड मिनिटापेक्षाही कमी वेळ. त्यासाठी चार महिने. बाहेर आलो तर लोक टाळ्या वाजवत होते. त्यांच्यात ओळखीचं कोण आहे हे मीही पाहिलं, आजी. बबन होता. बाकी कुणाला सांगितलंच नव्हतं.

टेबलावर कागद तपासणाऱ्या गृहस्थांनी तुझा अंगठा पाहिला. म्हणाले, पुढची स्पर्धा एप्रिलमध्ये आहे, नंतर पावसाळ्यानंतर दोन आहेत, दर वेळी आजीला कशाला त्रास? गाडी एकदाची तुझ्या नावावर करून घे.

मी नको म्हटलं. गाडी तुझ्याच नावावर राहू दे. दर वेळी फॉर्म पाठवीन, दर वेळी तू अंगठा दे. म्हणजे दर वेळी पत्र होईल. डब्यात हवा तितके दिवस ठेव.

लोभ वाढव, हक्काने मागतोय.

तुझा
संघर्ष


शांती नगर, मीरा रोड
रविवार, ५ मार्च १९९५

चि. संघर्षास, जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

नववा आलास ते मी खालच्या किराणावाल्यापासून सगळ्यांना सांगितलं. किती गाड्यांत ते कोणी विचारलं नाही, म्हणून मी पण सांगितलं नाही.

तुझं पत्र ऐकून बरं वाटलं. मग दोन दिवस बरं वाटेना. डब्याचं तुला शुभदाने कळवलं हे मला जानेवारीतच समजलं होतं. हे वाक्य मी मुद्दाम तिलाच लिहायला लावते आहे आणि तिचे कान लाल झालेत. तिचा दोष नाही. कागद दाबून ठेवला तो मी. तुझं काम अडवून मी पत्रं काढून घेत होते. तू ते ओळखलंस, आणि आता मला जन्मभर तसंच करू द्यायला निघालास. चांगला आहेस. पण मला ते नको.

म्हणून मंगळवारी शुभदाने रजा टाकली आणि आम्ही दोघी बसने ठाण्याला गेलो. चेणे गावाच्या पुढे खिडकीची जागा मिळाली. तुझ्या आजोबांनी याच रस्त्याने आपल्याला एकदा नेलं होतं, तू मध्येच झोपलास. आरटीओच्या कचेरीत तीन खिडक्या फिरलो. तिथल्या साहेबाने विचारलं, आजी, गाडी विकली का? मी म्हटलं, नाही, मोकळी केली. त्याला समजलं नाही. शाईचं पॅड ताजं होतं, अंगठा असा ठळक उठला आहे की रेघ न् रेघ मोजून घ्यावी.

गाडी तुझ्या नावावर करायचे कागद सोबत आहेत. माझी जागा भरली, तुझी रिकामी आहे. सही कर आणि तिकडे दाखल कर.

आता माझ्याकडून तुला काहीच लागणार नाही. नाही लिहिलंस तर मी समजेन, कामात आहेस. आणि लिहिलंस, तर ते पत्र कशासाठी आलं हे मला शुभदाला विचारावं लागणार नाही.

लोभ असेल तर आपणहून.

तुझी आजी
केसरबाई

ता. क. द्राक्षांचा हंगाम आहे म्हणून पेटी पाठवू नकोस. एसटीत तळची चिरडतात आणि एकटीने पेटी संपत नाही. काळ्या मनुका पाठव, बियांच्या. पावशेरच पाठव. जास्त नको, लवकर संपल्या पाहिजेत.